दहावीनंतर विज्ञान की कला: ‘सगळी दारे उघडी राहतात’ हे कितपत खरे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या मुलीला दहावीत ९१ टक्क्यांहून अधिक गुण मिळाले आहेत. त्यांत सामाजिक शास्त्रांत ९६, मराठीत ९४, विज्ञानात ८७ आणि गणितात ७८. शाळा सेमी-इंग्रजी होती. तिला कला शाखेत जाऊन इतिहास शिकायचा आहे. तुम्हा उभयतांना मात्र वाटते, की एवढे गुण असताना तिने विज्ञान घ्यावे, कारण विज्ञानातून कलेकडे केव्हाही वळता येते आणि कलेतून विज्ञानाकडे येता येत नाही. नातेवाईक म्हणतात, की कला शाखा कमी गुण मिळवणाऱ्यांसाठी असते. अकरावीच्या अर्जात पसंतीक्रम भरायला तीन-चार आठवडे राहिले आहेत आणि घरात रोज याच विषयावर वाद होतो.

मी सोळा वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि गेली दहा वर्षे दहावी-बारावीच्या मुलांना शाखा आणि अभ्यासक्रम निवडण्यात मार्गदर्शन करतो आहे. विज्ञान हा माझा स्वतःचा विषय आहे आणि त्यावर माझे प्रेम आहे. त्यामुळे पुढे मी जे लिहिणार आहे, ते विज्ञानाला कमी लेखून लिहिलेले नाही, एवढे आधी सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पुढची दोन वर्षे ही मुलगी कोणत्या वर्गात मनापासून आणि नीट शिकेल, हा पहिला. अठराव्या वर्षी तिच्यासमोर कोणते मार्ग शिल्लक असतील, हा दुसरा. तुम्ही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधून पहिला त्यातच सुटला असे धरून चालला आहात. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी पहिल्यावर अवलंबून असते.

दारे उघडी राहण्याचा तुमचा मुद्दा वस्तुस्थितीला धरून आहे, म्हणून तो आधी पूर्ण मान्य करतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र नसेल तर ‘नीट’ देता येत नाही, म्हणजे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद होतो. अभियांत्रिकीच्या पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवीला विज्ञान शाखा हवी, वास्तुकलेला गणित आणि भौतिकशास्त्र हवे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, पण नौदल आणि वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असावेच लागते. पुण्यातील ‘आयसर’सारख्या मूलभूत विज्ञानाच्या संस्थेत कला शाखेतून जाता येत नाही. हे सर्व खरे आहे आणि कला शाखा निवडणाऱ्या प्रत्येक मुलाने ते नीट समजून घेऊन मगच निवड करावी, असा माझा आग्रह असतो. यांपैकी एखाद्या क्षेत्राची तुमच्या मुलीला जराही ओढ असेल, तर या पत्राचा पुढचा भाग तितकासा लागू होणार नाही.

दुसऱ्या बाजूला पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, ‘यूसीड’ या प्रवेश परीक्षेतून मिळणारी आयआयटीतील डिझाइनची पदवी, पत्रकारिता, समाजकार्य, हॉटेल व्यवस्थापन, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र आणि सर्व लोकसेवा परीक्षा यांना शाखेची अट नाही. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमसुद्धा कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या आणि दहावीला गणित व इंग्रजी असलेल्या विद्यार्थ्याला खुला आहे. त्याचा पात्रता टप्पा तेवढा पार करावा लागतो. म्हणजे कला शाखेने बंद होणाऱ्या दारांची यादी ठळक आहे, पण लोक समजतात तेवढी लांब नाही.

आता या युक्तिवादातील उणीव सांगतो. दार उघडे असणे आणि त्यातून आत जाता येणे, या दोहोंच्या मध्ये बारावीची गुणपत्रिका उभी असते. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला बी. ए. ला प्रवेश मिळू शकतो, हे नियमाने बरोबर आहे. पण चांगल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र हवे असेल तर तेथे गुणवत्ता यादी लागते, आणि विज्ञानात कसेबसे ५५ टक्के मिळवलेला विद्यार्थी त्या यादीत ८५ टक्केवाल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या खूप खाली असतो. केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून ‘सीयूईटी’ ही सामाईक प्रवेश परीक्षा आली आहे. तिथे इतिहास किंवा राज्यशास्त्राची पदवी हवी असेल तर काही ठिकाणी त्याच प्रकारच्या विषयांची परीक्षा द्यावी लागते, आणि दोन वर्षे रसायनशास्त्राच्या शिकवणीत घालवलेल्या मुलाची त्यात ओढाताण होते. विज्ञान शाखा दारे उघडी ठेवते ती विज्ञानात चांगले गुण मिळवणाऱ्यासाठी. ज्याला ते मिळत नाहीत, त्याच्यासाठी वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची चांगली दारे बंद होतातच, शिवाय कलेची चांगली दारेही अरुंद होतात.

हे मी एका चुकीतून शिकलो. सुमारे आठ वर्षांपूर्वी एक मुलगा वडिलांबरोबर माझ्याकडे आला होता. दहावीला ९२ टक्के, राजकारणावरचे लेख आवडीने वाचणारा, प्रश्न विचारणारा. त्याला कला शाखा हवी होती. तेव्हा मीच त्याला समजावले, की दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, विज्ञान घे, मग हवे ते कर. पुढे त्याला एका क्लासमध्ये घातले गेले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. महाविद्यालयात केवळ नावापुरता प्रवेश. पहिल्या सहामाहीत तो मागे पडला आणि नंतर कधीच वर आला नाही. बारावीला ५६ टक्के मिळाले. त्याला हवे असलेल्या महाविद्यालयात अर्थशास्त्राचा प्रवेश मिळाला नाही. दुसरीकडे मिळाला, आज तो बरा मार्गी लागला आहे. पण अभ्यास आपल्याला जमतो, हा दहावीपर्यंत असलेला विश्वास परत यायला त्याला पदवीची दोन वर्षे लागली. माझा सल्ला नियमाप्रमाणे अचूक होता आणि त्या मुलासाठी चुकीचा होता. तेव्हापासून ‘दोन वर्षांचा तर प्रश्न आहे’ हे वाक्य मी कोणालाही म्हटलेले नाही. सोळा ते अठरा या वयातील दोन वर्षे फार मोठी असतात.

तुमच्या मुलीला विज्ञानात चांगले गुण मिळतील का, याचा अंदाज दहावीच्या गुणांवरून बांधताना एक काळजी घ्या. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेतील गणित आणि सामाजिक शास्त्रांच्या शंभरांपैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि ते बहुतेक शाळांत जवळजवळ पूर्ण दिले जातात. ते वजा करून पाहिले तर तिच्या गणिताच्या ७८ चे लेखी परीक्षेत ८० पैकी सुमारे ५८ होतात, आणि विज्ञानाच्या ८७ चे ८० पैकी सुमारे ६७. हे गुण वाईट मुळीच नाहीत, पण ‘एवढे गुण असताना’ या शब्दांत तुम्ही जी खात्री धरली आहे, ती त्यांतून निघत नाही. सामाजिक शास्त्रांत हीच वजाबाकी केली तर ८० पैकी ७६ उरतात, म्हणजे तेथे ती लेखी परीक्षेतच वरचढ आहे.

शिवाय दहावीचे विज्ञान आणि अकरावीचे विज्ञान यांच्यामध्ये एक उंच पायरी आहे, तिचा अंदाज पालकांना क्वचितच असतो. दहावीत गुरुत्वाकर्षण, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे, आवर्ती वर्गीकरण हे सर्व व्याख्या, कारणे द्या, आकृती आणि सोपी उदाहरणे यांच्या आधारे चांगले जमते. ज्याची मराठी चांगली आणि स्मरण पक्के, तो मुलगा तेथे ८५-९० गुण सहज मिळवतो. अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसऱ्याच प्रकरणात सदिश (व्हेक्टर) आणि कलनाची (कॅल्क्युलसची) तोंडओळख येते, बहुतेक वेळा गणिताच्या तासाला ते शिकवून होण्याआधीच. ज्या मुलांचा गणिताचा हात सैल आहे, त्यांची मी वर्गात पाहिलेली अवस्था अशी असे, की भौतिकशास्त्राची कल्पना त्यांना समजलेली असे, पण ती समीकरणात मांडून शेवटपर्यंत नेताना ती अडखळत, आणि आपल्याला भौतिकशास्त्रच कळत नाही असे मानून बसत. म्हणून विज्ञान शाखा झेपेल का, हे ठरवताना मी विज्ञानाच्या गुणांपेक्षा गणिताच्या उत्तरपत्रिकेकडे अधिक पाहतो. त्यातही भूमितीच्या सिद्धता तिने पाठ केल्या होत्या की स्वतः मांडल्या होत्या, हे विचारतो. मुलगी सेमीची असल्यामुळे विज्ञान इंग्रजीतून शिकण्याचा अडथळा तिला नाही. पूर्ण मराठी माध्यमातील मुलांना या पायरीबरोबर भाषेचीही पायरी चढावी लागते.

तितक्याच काळजीने तिच्या इतिहासाच्या आवडीकडेही पाहायला हवे. इतिहास आवडतो असे सांगणाऱ्या मुलांपैकी काहींना इतिहासातील गोष्टी आवडत असतात, काहींना ऐतिहासिक मालिका, आणि काहींना खरोखरच इतिहासाचे काम. या तीन आवडी वेगळ्या आहेत. इतिहासाचे काम म्हणजे एकाच घटनेचे दोन परस्परविरोधी वृत्तांत समोर ठेवून कोणावर किती विश्वास ठेवायचा आणि का, हे ठरवणे. मोडीतील कागद तासन्‌तास वाचणे. एखादे विधान पुराव्याअभावी सोडून देणे, ते कितीही आवडते असले तरी. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांनी होते, त्यानंतर उपयोजित इतिहास येतो. बहुतेक मुले ही प्रकरणे कंटाळत पाठ करतात. तुमच्या मुलीला ती कशी वाटली, हे तिला मोकळेपणाने विचारा. ती प्रकरणे तिला आवडली असतील तर ते फार चांगले लक्षण आहे. शिवकाळ आणि पेशवाईच्या कथा आवडल्या पण ही प्रकरणे रुक्ष वाटली, असे ती म्हणाली, तर तिला इतिहास आवडत नाही असा निष्कर्ष काढू नका. पण तिची आवड अजून तपासायची राहिली आहे, एवढे लक्षात घ्या.

ही तपासणी घरीच करता येते, आणि तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, ते पुरेसे आहेत. मी हा प्रयोग अनेक मुलांकडून करून घेतला आहे. ‘ई-बालभारती’च्या संकेतस्थळावर अकरावीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. पहिले आठ-दहा दिवस मुलीने रोज दीड तास भौतिकशास्त्राची पहिली दोन प्रकरणे आणि गणितातील त्रिकोणमिती स्वतः वाचून उदाहरणे सोडवावीत. शिकवणी लावू नका. अडल्यास एखाद्या शिक्षकाला विचारू द्या. त्यानंतरचे आठ-दहा दिवस तितकाच वेळ अकरावीच्या इतिहासाला आणि अर्थशास्त्राला द्यावा. अकरावीचा इतिहास प्राचीन भारताचा आहे, हडप्पा संस्कृती, वैदिक काळ, जनपदे असा. म्हणजे तिच्या ओळखीच्या शिवकाळापासून बराच दूरचा, आणि म्हणूनच परीक्षा घ्यायला योग्य. एक प्रकरण वाचून पुस्तक मिटवावे आणि हडप्पाची नगरे का ओस पडली असावीत, यासारख्या प्रश्नावर तिने स्वतःच्या शब्दांत दोन पाने लिहावीत; कोणता पुरावा भक्कम वाटतो आणि कोणता कच्चा, हेही लिहावे.

या प्रयोगात किती उदाहरणे बरोबर आली, याला मी फारसे महत्त्व देत नाही. पाहायचे ते एवढेच, की अडल्यावर ती काय करते. काही मुले गणित अडले की दुसऱ्या बाजूने प्रयत्न करतात, चिडतात पण वही बंद करत नाहीत, रात्री जेवताना अचानक उत्तर सुचल्याचे सांगतात. काही मुले अडले की पुढच्या उदाहरणाकडे जातात आणि वेळ कधी संपतो याची वाट पाहतात. तीच मुले इतिहासाचे दोन पुरावे जुळत नाहीत म्हणून न सांगता आणखी एक पुस्तक शोधून आणतात. प्रत्येक विषयात रटाळ भाग असतो, आणि त्या विषयात टिकणार कोण, हे त्या रटाळ भागातच कळते. ज्या विषयात अडल्यावर मूल स्वतःहून थांबून राहते, तो विषय त्याचा, हा माझा दहा वर्षांतला सर्वांत उपयोगी पडलेला निकष आहे.

आता माझ्या दृष्टीने या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विज्ञान की कला, या निर्णयातून गणिताचा निर्णय वेगळा काढा. आपल्याकडे गणित म्हणजे विज्ञान शाखा, असे समीकरण इतके घट्ट झाले आहे, की राज्य मंडळाचे अकरावी-बारावीचे गणिताचे पुस्तक ‘कला आणि विज्ञान’ अशा दोन्ही शाखांसाठी आहे, हे पुष्कळ पालकांना मुखपृष्ठ दाखवल्यावरच पटते. कला शाखेत इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांच्याबरोबर गणित घेता येते. अडचण अशी, की थोडीच कनिष्ठ महाविद्यालये कला शाखेला गणित शिकवतात, कारण विद्यार्थी मागत नाहीत, आणि विद्यार्थी मागत नाहीत कारण त्यांना ठाऊक नसते.

बारावीपर्यंत गणित असलेली कला शाखेची विद्यार्थिनी आणि दहावीनंतर गणित सोडलेली विद्यार्थिनी यांच्या पुढच्या वाटांत जेवढा फरक पडतो, तेवढा अनेकदा विज्ञान आणि कला यांच्यातही पडत नाही. अर्थशास्त्राचे चांगले पदव्युत्तर शिक्षण आज गणिताशिवाय जवळपास अशक्य आहे. नामवंत संस्थांच्या प्रवेश परीक्षांत कलन आणि संख्याशास्त्र विचारले जाते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संख्याशास्त्राच्या पदवीला बारावीचे गणित लागते, विज्ञान शाखेची अट नाही. गणिताला घाबरून मानसशास्त्राकडे वळलेल्या मुलांना पदवीच्या मधल्या वर्षांत संख्याशास्त्र आणि प्रयोग भेटतात, तेव्हा त्यांची होणारी तारांबळ मी बऱ्याचदा पाहिली आहे. लोकसंख्या, निवडणुका, शेतमालाचे भाव, भाषेचे संगणकीय विश्लेषण या सर्वांत सामाजिक प्रश्न आणि आकडे एकत्रच येतात.

इतिहासातही हेच आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्राचीन आहत (ठसे उमटवलेली) नाणी अचूक तराजूवर तोलली. नाणे हातोहात फिरताना झिजते आणि त्याचे वजन घटते, या साध्या गोष्टीवर संख्याशास्त्राची पद्धत लावून त्यांनी नाण्यांच्या कालक्रमाचा विचार केला. इरावती कर्वे यांची पदवी फर्ग्युसन महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाची, पण पुढे मानववंशशास्त्रात काम करताना त्यांनी माणसांच्या शरीराची मोजमापे घेतली, आणि महाकाव्यांवरही लिहिले. अलीकडचे पाहायचे तर २०१९ मध्ये हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरील एका सांगाड्याच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ आणि आनुवंशशास्त्रज्ञ एकत्र होते. हडप्पाविषयीचा प्रश्न इतिहासाचा, उत्तराचा एक भाग प्रयोगशाळेतला. तुमच्या मुलीला पुढे असे काम करावेसे वाटले, तर तिला आकड्यांची भीती नसणे फार उपयोगी पडेल. लेखी ८० पैकी ५८ गुण असलेल्या मुलीला, केवळ गणित हा एकच अवघड विषय सांभाळायचा असेल, तर तो सांभाळता येतो. त्याच्या जोडीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि एखादी प्रवेश परीक्षा आली, की चित्र बदलते.

उपजीविकेविषयी तुम्ही सर्वांत शेवटी एका ओळीत विचारले आहे, पण तुमच्या मनात तीच चिंता पहिली असणार, आणि ती रास्त आहे. केवळ बी. ए. च्या पदवीवर चांगली नोकरी मिळत नाही. परंतु केवळ बी. एस्सी. च्या पदवीवरही ती मिळत नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तुलना करताना एका बाजूला नामवंत महाविद्यालयातील अभियंता ठेवला जातो आणि दुसऱ्या बाजूला कोठलाही बी. ए. झालेला मुलगा. खरी तुलना सामान्य महाविद्यालयातील बी. एस्सी. आणि सामान्य महाविद्यालयातील बी. ए. यांची केली, तर फारसा फरक उरत नाही. विज्ञान शाखेतील आर्थिक सुरक्षितता व्यावसायिक पदव्यांत आहे, आणि त्यांच्या जागा मोजक्या आहेत: ‘नीट’ला दर वर्षी २० लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात आणि देशभरातील एमबीबीएसच्या सर्व जागा, खासगी महाविद्यालये धरून, सव्वा लाखाच्या आसपास आहेत.

कला शाखेतून चांगली उपजीविका उभी करणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना मी जवळून ओळखतो, त्यांच्यात तीन गोष्टी सारख्या दिसतात. त्यांनी पदव्युत्तर शिक्षण किंवा विधीसारखी व्यावसायिक पदवी घेतली. विषयाच्या जोडीला एक हाताला लागणारे कौशल्य मिळवले, मग ते संख्याशास्त्र असो, उत्तम इंग्रजी-मराठी अनुवाद असो, संपादन असो किंवा मोडी वाचन. आणि त्यांना स्थिर उत्पन्न सुरू व्हायला चोवीस-पंचवीस वर्षांचे होईपर्यंत वाट पाहावी लागली. ही वाट पाहणे तुमच्या घराला परवडेल का, याचे उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. मुलीने एकविसाव्या वर्षी कमावणे घरासाठी अपरिहार्य असेल, तर ते तिला आत्ताच स्पष्ट सांगा. सोळा वर्षांची मुलगी घरची खरी परिस्थिती समजून घेऊ शकते; लपवलेली परिस्थिती मात्र तिला पुढे बोचते.

विज्ञान घेऊन नंतर यूपीएससी करता येईल, असे तुम्ही म्हटले आहे. परीक्षा कोणत्याही पदवीधराला देता येते, त्यामुळे येथेही नियम तुमच्या बाजूने आहे. पण त्या परीक्षेच्या सामान्य अध्ययनात इतिहास, राज्यव्यवस्था, भूगोल, अर्थव्यवस्था यांचा मोठा वाटा आहे, आणि अनेक अभियंते वैकल्पिक विषय मानव्यविद्यांतलाच निवडतात. जी मुलगी आजच त्या विषयांकडे ओढली जाते आहे, तिला तेथे पोहोचवण्यासाठी आधी विज्ञानातून फिरवून आणण्याचे कारण मला दिसत नाही. त्याबरोबरच, कला शाखा म्हणजे स्पर्धा परीक्षा, असेही ठरवून टाकू नका. २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेतून १००९ उमेदवारांची शिफारस झाली, आणि अर्ज करणारे लाखोंनी होते. कला शाखेला एवढे एकच फळ आहे असे मानून ती निवडली, तर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी हाती काहीच न राहण्याचा धोका असतो, आणि अशी मुले माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना काय सांगावे हे मला खरोखर कळत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात मांडतो. तिला वैद्यकीय, अभियांत्रिकी किंवा मूलभूत विज्ञानाची ओढ नसेल, प्रयोगात ती इतिहास-अर्थशास्त्रापाशी स्वतःहून थांबत असेल आणि पंचविशीपर्यंतचे शिक्षण तुम्हाला परवडत असेल, तर माझा कौल गणितासह कला शाखेला आहे. यांतील एखादी गोष्ट वेगळी निघाली तर माझा कौलही बदलेल.

विशेषतः एक शक्यता तपासल्याशिवाय राहू नका: ती विज्ञानाला नकार का देते आहे? काही वर्षांपूर्वी एका मुलीने कला शाखेचा असाच हट्ट धरला होता. चार भेटींनंतर कळले, की नववी-दहावीच्या विज्ञानाच्या शिक्षकाने तिला वर्गासमोर वारंवार अपमानित केले होते आणि तिला तो विषयच नको झाला होता. घरी मात्र ती बागेतील किड्यांची चित्रे काढून नोंदी ठेवत होती. तिने विज्ञान घेतले आणि आज ती प्राणिशास्त्रात संशोधन करते. शिक्षक नकोसा होणे आणि विषय नकोसा होणे हे मुलांना वेगळे करता येत नाही, ते आपण करून द्यावे लागते. कलेतून विज्ञानाकडे परत यायचे तर पुन्हा अकरावीपासून सुरुवात करावी लागते, म्हणून हा तपास आत्ताच व्हायला हवा. तसेच जिवलग मैत्रीण कलेला जाते आहे, किंवा विज्ञानाच्या क्लासचा खर्च वडिलांना झेपणार नाही असे तिला वाटते आहे, हीही कारणे मी पाहिली आहेत. मुली दुसरे कारण सहसा बोलून दाखवत नाहीत. हे तिच्या आईने, वादाची वेळ टाळून, एकटीला विचारलेले बरे.

नातेवाईकांच्या म्हणण्यावर अधिक लिहीत नाही. मुंबई-पुण्यातील काही नामवंत महाविद्यालयांत कला शाखेचा कटऑफही नव्वदीच्या वर असतो, एवढे त्यांना सांगता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात कठोर विभागणी नसावी असे २०२० मध्येच म्हटले आहे, आणि राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत आता मुख्य विषयाबरोबर गौण विषय घेण्याची सोय आली आहे. प्रत्यक्षात काय मिळेल, ते मात्र त्या त्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकावर ठरते.

म्हणून पसंतीक्रम भरण्यापूर्वी एक काम करा. अकरावीची प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाली आहे, त्यामुळे घरबसल्या यादीतील नावे निवडण्याचा मोह होतो. तसे न करता तुमच्या शहरातील आणि तिला राहता येईल अशा जवळच्या शहरातील चार-पाच कनिष्ठ महाविद्यालयांत मुलीला घेऊन स्वतः जा. कला शाखेत इतिहास, अर्थशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय एकत्र घेता येतात का, गणिताचा तास प्रत्यक्ष भरतो का, गेल्या वर्षी त्या वर्गात किती मुले होती, आणि ग्रंथालयातून अकरावीच्या मुलांना पुस्तके घरी मिळतात का, हे कार्यालयात न विचारता तेथील बारावीच्या विद्यार्थ्यांना विचारा. एकाही ठिकाणी गणित मिळाले नाही, तर मला पुन्हा लिहा आणि तिच्या प्रयोगाच्या वहीतील इतिहासाची ती दोन पाने सोबत पाठवा. मग अर्थशास्त्राऐवजी कोणता विषय मध्यभागी ठेवायचा आणि संख्याशास्त्र बाहेरून कसे शिकायचे, हे आपण ठरवू.